कोपऱ्यांतला गडी

कबड्डींत चढाई करणारा गडी सर्वांना दिसतो. पकड करणारा गडी बहुधा चुकला म्हणजेच दिसतो. पुणेरी पलटणीचे सामने मी गेलीं कांहीं वर्षें मोठ्या आवडीनें पाहत आलों आहें, आणि त्याहून अधिक आवडीनें सामन्यांवरचे वाद ऐकत आलों आहें. त्या वादांतून ध्यानांत आलेली एक गोष्ट वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु.

आमची सायंकाळची बैठक सदाशिव पेठेंतील एका जुन्या वाड्याच्या ओट्यावर भरते. एक निवृत्त प्राध्यापक, एक वकील, बँकेंतून नुकतेच मोकळे झालेले एक गृहस्थ आणि मी, असे चौघे तिचे नित्याचे सभासद. प्राध्यापक तरुणपणीं हुतुतू खेळलेले आहेत. त्यामुळें या विषयांत त्यांचा शब्द अखेरचा, निदान त्यांच्या मतें तरी. वकीलसाहेब कधीं मैदानांत उतरले नाहींत, पण सारे आंकडे त्यांस मुखोद्गत. बँकेचे गृहस्थ प्रत्येक खेळाडूकडे ठेव कीं कर्ज याच दृष्टीनें पाहतात.

या खेपेचा वाद पेटला तो एका नव्या मुलावरून. पलटणीनें नवोदितांतून विशीच्या आंतबाहेरचा एक उजवा कोपरारक्षक निवडला. त्याचें नांव मी येथें मुद्दामच देत नाहीं. ज्यानें या स्पर्धेंत अद्याप एकही सामना खेळलेला नाहीं, त्याच्या नांवावर आमच्या ओट्याचा निकाल छापून ठेवणें मला सभ्यपणाचें वाटत नाहीं.

पुणेकरांना या विषयांत बोलण्याचा अधिकार वारशानेंच मिळाला आहे, असें प्राध्यापकांचें म्हणणें. हुतुतूला नियमांची शिस्त लावण्याच्या कामीं डेक्कन जिमखान्यानें गेल्या शतकाच्या आरंभीं पुढाकार घेतला. पुढें १९२३ सालीं बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें तें काम अधिक नेटकें केलें, आणि १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गड्यांनीं बर्लिन येथें या खेळाचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. ज्या गांवानें खेळाचे नियम बांधले त्या गांवाला गड्याची पारख नसेल तर कोणाला असेल, असा त्यांचा सवाल. वारशानें नियम मिळत असतील. पारख मिळते कीं नाहीं, याविषयीं मला शंका आहे.

वादाच्या मुळाशीं एक जुनें शल्य होतें. महंमदरेझा शाद्लुई या इराणी गड्याला पलटणीनें २०२३ च्या लिलावांत दोन कोटि पस्तीस लक्षांस घेतलें. तो डाव्या कोपऱ्यांत उभा राहिला, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेंत हरयाणाचा २८–२५ असा पराभव करून पलटणीनें आपलें पहिलें अजिंक्यपद मिळविलें. त्याच वर्षीं ऑगस्टच्या लिलावांत हा गडी दोन कोटि सात लक्षांस हरयाणाकडे गेला. आणि २९ डिसेंबरला आमच्याच बालेवाडींत हरयाणानें पाटण्याला ३२–२३ असें हरवून चषक उचलला. आपल्या घरांतून गेलेली वस्तु शेजाऱ्याच्या दिवाणखान्यांत शोभतांना पाहून जें वाटतें, तें त्या रात्रीं पुष्कळ पुणेकरांना वाटलें. तेव्हांपासून पलटणींत कोणीही कोपऱ्यांतला गडी आला कीं त्याला आधीं त्या इराण्याच्या मापानें मोजतात. विशींतल्या पोराला हें माप कसें पुरें पडावें?

बँकेचे गृहस्थ म्हणाले, “घेतला तो स्वस्तांत घेतला, बुडाला तरी फार तोटा नाहीं. शिवाय या संघाला पोरें वाढवितां येतात.” त्यांचें म्हणणें निराधार नव्हतें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अस्लम इनामदार २०२१ सालीं असाच नवोदित म्हणून आला होता. २०२४ च्या अजिंक्य संघाचा तोच नायक होता. गौरव खत्री आणि अबिनेश नादराजन हे उजव्या बाजूचे रक्षकही याच संघांत वाढले. वकीलसाहेबांनीं मुलाच्या जुन्या सामन्यांची चित्रफीत पाहून टिपण केलें होतें: साधलेल्या पकडींपेक्षां फसलेल्या अधिक. प्राध्यापकांचा निकाल तर तयारच होता. “उतावळा आहे. चढाईवाला हूल देतो, आणि याचा हात आधीं जातो. हा टिकणार नाहीं.”

माझा सतरा वर्षांचा भाचा त्या दिवशीं मला बोलावण्यास आला होता व पायरीवर बसून सारें ऐकत होता. तो एकाएकीं म्हणाला, “सर, त्याच्या शेजारीं मध्यरक्षक कोण होता, तें आपण पाहिलेंत का?”

तें कोणीच पाहिलें नव्हतें.

मग त्यानें सांगितलें तें थोडक्यांत असें. कोपऱ्यांतला गडी घोटा धरतो. परंतु धरलेला गडी मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हां त्याला अडविण्याचें काम शेजारच्या मध्यरक्षकाचें असतें. तो अर्धा क्षण उशिरा आला कीं चढाईवाला लोटांगण घालून हात मध्यरेषेला लावतो, आणि ज्यांनीं ज्यांनीं त्याला स्पर्श केला ते सर्व बाद होतात. वहींत मात्र पहिला हात घालणाऱ्याच्या नांवें चूक मांडली जाते. चित्रफितींतील तो संघ दुबळा होता. कोपरा धरीत होता आणि मागून कोणी येत नव्हतें. “तो उतावळा असेलही,” भाचा म्हणाला, “पण एकट्यानें धरलेल्या पकडीवरून तें कसें ठरवायचें?”

वकीलसाहेबांनीं टिपण पुन्हां काढलें, आणि त्या संध्याकाळीं प्रथमच वाद खऱ्या मुद्द्यावर आला. चढाई करणाऱ्याला एका सामन्यांत पंधरा-वीस वेळां पलीकडे जातां येतें. त्यांतल्या पुष्कळ चढाया रित्या गेल्या तरी त्याचें कांहीं जात नाहीं. फक्त सलग दोन रित्या गेल्यावर तिसरींत गुण आणलाच पाहिजे. कोपऱ्यांतल्या गड्याला चाळीस मिनिटांत खरी संधि पांच-सहा वेळां येते, आणि प्रत्येक चुकीचा दंड तेथल्या तेथें द्यावा लागतो. निम्म्या पकडी साधणाराही या खेळांत नांवाजला जातो. म्हणजे त्याची परीक्षा थोड्या प्रश्नांची आणि उत्तरपत्रिका कडक तपासणीची. चार सामन्यांवरून त्याचें भविष्य सांगणें म्हणजे एका घटकचांचणीवरून मुलाची पदवी ठरविण्यासारखें आहे.

शिवाय जी पकड त्यानें केलीच नाहीं, तिचा हिशेब कोणत्या वहींत मांडावयाचा? प्रतिस्पर्धी हूल देऊन कोपऱ्याला ओढूं पाहतो. हा जागचा हालत नाहीं. तीस सेकंद सरतात आणि चढाईवाला रित्या हातानें परततो. प्रेक्षक म्हणतात, “कांहीं झालें नाहीं.” वस्तुतः पुष्कळ झालें आहे. थांबणें ही या जागेची निम्मी विद्या आहे, आणि आंकड्यांत ती उतरत नाहीं. तिची किंमतही लहान नव्हे. पलटणीनें २०२२ चा अंतिम सामना जयपूरकडून २९–३३ असा गमावला, २०२४ चा २८–२५ नें जिंकला, आणि २०२५ चा दिल्लीकडून २८–३१ नें गमावला. तिन्ही वेळां अंतर तीन-चार गुणांचें. एक घाईची पकड टळती किंवा एक साधती, तर या तीन निकालांतला एखादा फिरूं शकला असता.

प्राध्यापकांनीं भाच्याला विचारलें, “तूं कोठें उभा राहतोस रे?”

“उजव्या कोपऱ्यांत.”

ओट्यावर क्षणभर कोणी बोललें नाहीं. त्या मुलाविषयीं आम्ही काय काय बोललों होतों, तें सारें या मुलानें पायरीवर बसून ऐकलें होतें. त्याची जिल्ह्याची निवड अवघ्या पंधरवड्यावर आली होती. आमच्या घरांत त्यापुढें बारावीची परीक्षा आहे. माझ्या बहिणीला त्याच्या खेळाची काळजी वाटते ती वेगळीच, आणि ती अनाठायीं आहे असें मी म्हणत नाहीं. गुडघ्याचा एखादा स्नायु दुखावला तर वर्ष जातें, हें ती जाणते. पण त्या संध्याकाळीं मला दुसरेंच भय वाटलें. आपल्या घरांतील मुलें आपण त्यांच्याविषयीं काय बोलतों यावरून जेवढीं शिकतात, तेवढींच आपण परक्या मुलांविषयीं काय बोलतों यावरूनही शिकतात. “हा टिकणार नाहीं” हें वाक्य आपण दूरच्या कोणासाठीं उच्चारतों. तें जवळ बसलेल्याच्या मनांत जाऊन राहतें.

याचा अर्थ वाद बंद करावे असा मुळींच नाहीं. ज्या खेळाविषयीं कोणी भांडत नाहीं तो खेळ मेला, असें समजावें. नव्या मुलाविषयीं चार वयस्क माणसें तासभर तावातावानें बोलतात, हें एका परीनें त्याचें कौतुकच आहे. प्राध्यापकांनींही आपलें मत सर्वस्वीं सोडलें नाहीं. पोराचा हात आधीं जातो, हें त्यांना अजून खरें वाटतें, आणि तें खरें असूंही शकेल. तेवढें वाक्य मात्र त्यांनीं बदललें: “टिकणार नाहीं” याऐवजीं “शिकला तर टिकेल,” असें ते आतां म्हणतात. दोन वाक्यांत केवढें अंतर आहे, हें मुलांच्या आई-बापांना सांगावयास नको.

पुढचा मोसम सुरूं झाला म्हणजे मी एक प्रयोग करणार आहें. एक संपूर्ण सामना चढाई करणाऱ्याकडे न पाहतां केवळ उजव्या कोपऱ्याकडे पाहत बसावयाचें. तो किती वेळां हात घालतो याबरोबर किती वेळां हात आवरतो, आणि शेजारचा गडी केव्हां येतो, तेंही मोजावयाचें. वाचकांनींही एकदां करून पाहावें. घरांत खेळणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर मोजणीस तिलाच शेजारीं बसवून घ्यावें.