आमचा टब

गेल्या वर्षी आम्ही बाथरूममध्ये व्हर्लपूल टब बसवला. ही बातमी नातेवाइकांत माझ्याआधीच पोचली होती. "काय, जकूझी घेतलात म्हणे!" एकाने लग्नाच्या पंगतीत विचारलं, एकीने फोनवर. आत्या तर म्हणाली, "बरं आहे बाबा, आता सिनेमातल्यासारखं लोळा पाण्यात." मी हसून वेळ मारून नेली. बायकोला मात्र ते लागलं. महिनाभर ती घरी येणाऱ्या कुणालाही बाथरूम दाखवेना. म्हणून हे सविस्तर लिहितोय. (आत्याबाई, रागावू नका, तुम्ही वाचता हे मला माहीत आहे.)

तिला अकरा वर्षांपासून आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. वयामुळे गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटते. सगळ्यात वाईट वेळ सकाळची. उठल्यावर तास-दीड तास बोटं मिटत नाहीत, मनगट वळत नाही. भरलेला तांब्या उचलून अंगावर घेणं ही आपल्याला न जाणवणारी क्रिया, पण तिच्यासाठी तेच रोजचं संकट. काही दिवस मी पाणी घालायचो. ती काही बोलायची नाही, भिंतीकडे तोंड करून बसायची. ते मला बघवायचं नाही.

गरम पाण्याने आजार बरा होत नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं. गोळ्या चालूच राहणार. पण ऊब मिळाली की आखडलेपण तात्पुरतं कमी होतं आणि पाण्यात शरीराचा भार हलका झाल्याने सांधे हलवता येतात. पाणी फार कढत नको, पंधरा-वीस मिनिटं पुरे, आणि सांधा लाल होऊन सुजला असेल त्या दिवशी टबाचं नावही काढायचं नाही.

आणि गंमत बघा, ही वस्तू जन्मली तीच या आजारापायी. जकूझी हे इटलीतून अमेरिकेत गेलेल्या सात भावांचं आडनाव. आधी ते विमानाचे पंखे आणि विमानं बनवायचे. १९२१ साली त्यांचं विमान कोसळलं, एक भाऊ गेला, आणि ते विहिरीच्या पंपांकडे वळले. त्यांच्यातल्या कँडिडोच्या मुलाला, केनेथला, अगदी लहानपणी हाच आमवात जडला. हॉस्पिटलातल्या घुसळत्या पाण्याने पोराला आराम पडतो, पण तिथे रोज नेणं होत नाही, हे पाहून बापाने १९४८ मध्ये घरच्या टबात सोडता येईल असा छोटा पंप तयार केला. १९५६ पासून तो बाजारात आला. झोत टबातच बसवलेला, आज आपण ज्याला जकूझी म्हणतो तो, पुढच्या पिढीतल्या रॉयने १९६८ मध्ये आणला. शँपेनचे ग्लास आणि मेणबत्त्या जाहिरातवाल्यांनी मागाहून आणल्या. बायकोला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग आत्यांना पण वाचून दाखव."

असो. आता बांधकामाकडे वळू, कारण खरी परीक्षा तिथे होती. आमचा फ्लॅट पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी. टबात पाणी २२० लिटर, म्हणजे २२० किलो. टब आणि पंप पन्नास, बायको पंचावन्न. घरातल्या स्लॅबवर वावराचा भार धरतात चौरस मीटरला साधारण २०० किलो, आणि हे गणित जातं २४० पर्यंत. टबाच्या दुकानातला माणूस म्हणाला, "काही होत नाही साहेब." आम्ही स्ट्रक्चरल इंजिनियर बोलावला. त्याने आराखडे मागवले, स्लॅब ठोकून पाहिला आणि एक फार सुंदर गोष्ट सांगितली. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. तो कोबाच टबाच्या वजनापेक्षा जड! तेवढ्या जागेतला कोबा काढला तर भार उलट कमी होतो. शिवाय टब नऊ इंच खाली बसतो. म्हणजे बावीस इंचांचा काठ ओलांडण्याऐवजी तेरा इंचांचा. ज्याचे गुडघे धड नाहीत त्याला नऊ इंच म्हणजे काय, ते विचारू नका.

खालच्या मजल्यावरच्या काकांचा अर्थातच विरोध. त्यांच्या छतावर पूर्वी एकदा ओल आली होती. वॉटरप्रूफिंग झाल्यावर ४८ तास पाणी भरून ठेवलं. काका दर चार तासांनी टॉर्च घेऊन स्वतःचं छत बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी वर आले आणि "कोरडं आहे" एवढंच म्हणून चहा पिऊन गेले. पंपाला वेगळी वायर, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर लावला. पंपाजवळ उघडता येणारी झडप ठेवली, नाहीतर उद्या दुरुस्तीला टाइल्स फोडा.

पंचवीस लिटरच्या गीझरवर हा टब भरत नाही हेही सांगून ठेवतो. डिसेंबरात नळाचं पाणी वीस अंशांचं, टबात हवं एकोणचाळीस, म्हणजे साठ अंशांचं शंभरेक लिटर लागतं. शंभर लिटरचा गीझर घेतला. एका आंघोळीला पाचेक युनिट वीज जाते. पंप मात्र वीस मिनिटांत जेमतेम पाव युनिट खातो. झोतातली हवाही पंप ढकलत नाही. पाणी अरुंद तोंडातून जोरात निघालं की तिथला दाब उतरतो आणि हवा आपोआप ओढली जाते, बस्स. तेल-उटणं टबात चालत नाही, नळ्या तुंबतात. त्यामुळे दिवाळीचं अभ्यंग जुन्या पाटावरच.

बायकोची अडचण यातली कुठलीच नव्हती. ती माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती चार वर्षांची होती. आई डोक्यावर दोन हंडे घेऊन यायची आणि ती रिकामी कळशी धरून मागे चालायची, एवढं तिला आठवतं. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर धरतात आणि मी एका बैठकीला २२० लिटर घेऊ? टब बसल्यावर आठ दिवस ती त्यात उतरलीच नाही. मी आजाराचं बोललो, मुलगी पैशांचं बोलली (सगळं मिळून एक लाख नव्वद हजार झाले होते). कशाचाच उपयोग झाला नाही. शेवटी तिनेच तोडगा काढला. आठवड्यातून दोनदाच, आणि साबण अजिबात नाही. एक छोटा पंप आणि पाइप लावून ते पाणी फ्लशला, फरशीला आणि गॅलरीतल्या झाडांना. पाइप ती स्वतः सोडते, आम्हाला हात लावू देत नाही. बाकीचे पाच दिवस स्टुलावर बसून हातशॉवर.

आठवड्यातल्या त्या दोन सकाळी ती नऊ वाजता स्वतःची वेणी स्वतः घालते. एरवी अकरा वाजतात.

दाराच्या कडीवरून मात्र आमचं भांडण झालं. पाय घसरला तर? चक्कर आली तर? मी म्हटलं, कडी नकोच. ती म्हणाली, मग टब पण नको. सुताराने बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी कडी बसवली. दोन रुपयांचं एक नाणं मी चौकटीवर ठेवलंय. ती आत असते तेव्हा मी बाहेर पेपर वाचत बसतो आणि पंपाचा आवाज ऐकतो. नाणं अजून लागलेलं नाही.