आवाजाचा तपास

जुन्या मोटारीचा मालक माझ्याकडे येतो तो बहुधा निकालपत्र हाती घेऊनच येतो. मागच्या डाव्या चाकाचे बेअरिंग गेले आहे, डिफरन्शियल वाजते आहे, असे तो ठामपणे सांगतो. आणि रोज तीच गाडी हाकणाऱ्याला तिच्या चालीतला फरक परक्यापेक्षा आधी उमगतो हे मान्य करूनही, त्याच्या फिर्यादीतील ‘कोठे’ हा भाग मी तूर्त बाजूस ठेवतो आणि ‘केव्हा’ याची जबानी सविस्तर घेतो. हवेतून ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, तर पोलादातून सुमारे ५०००. त्यामुळे ज्या गाडीला वेगळी चासी नाही, सांगाडा आणि पत्रा मिळून जिची एकच काया झाली आहे, तिच्या मागच्या आसाशी उपजलेला आवाज पाट्यांच्या टोकांतून पत्र्यात शिरतो आणि थेट मालकाच्या आसनाखाली प्रकट होतो. अशा वेळी कानाने दाखविलेली जागा खरी मानणे धोक्याचे.

‘केव्हा’ची साक्ष अधिक भरवशाची, कारण ती मोजता येते. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असलेली, १७९८ सी.सी. इंजिनाची एम.जी.बी. ही गाडी घ्या. तिच्या मागच्या आसाचे प्रमाण ३.९०९, म्हणजे चाकाचा एक फेरा पुरा होतो तोवर प्रोपेलर शाफ्टचे जवळजवळ चार होतात. एका फेऱ्यात चाक सुमारे १.९ मीटर जाते; तेव्हा ताशी २० किलोमीटर वेगाने चाकाशी निगडित ठोका सेकंदास तीनदा पडतो आणि तो सहज मोजता येतो, परंतु शाफ्टचे बारा ठोके एकमेकांत मिसळून त्यांची घरघर होते. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरत असल्याने तेथे घेतलेली साक्ष दोघांपैकी कोणावरही शेकते. म्हणून वेग तोच ठेवून तिसरा गिअर टाकावा : आवाजाची लय वाढली तर इंजिनाकडे पाहावे, न वाढली तर शाफ्ट आणि चाकांकडे.

अलीकडे पुण्यातील एका गृहस्थांची १९६७ सालची एम.जी.बी. आली. जागची हलताना एक स्वच्छ ‘टक्’, ब्रेक दाबताच दुसरा, आणि मधल्या सरळ रस्त्यावर पूर्ण शांतता. एका कारखान्यात शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलून झाले होते आणि आता डिफरन्शियल उघडण्याची दरखास्त पुढे आली होती. ती अगदीच निराधार नव्हती. त्यातील थ्रस्ट वॉशर झिजले की असाच धक्का बसतो, आणि हे जाणणारा कारागीर प्रथम तिकडेच धावतो. तथापि जी परीक्षा एकही नट न सोडता घडीभरात उरकते, ती आधी करावी असा माझा शिरस्ता आहे. गाडीचा मागचा भाग जॅकने उचलून घोड्यांवर टेकवला, हँडब्रेक पक्का ओढला आणि चाक दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवले. हँडब्रेकने ड्रम जखडतो आणि ड्रम हबला बांधलेला असतो. सबब डिफरन्शियल, शाफ्ट आणि क्रॉस ही सारी मंडळी एकदम संशयमुक्त होतात. उजवे चाक निश्चल राहिले. डावे केसभर हलले आणि ‘टक्’ वाजले.

या गाडीचे साठ आऱ्यांचे चाक चार-पाच नटांनी आवळलेले नसते. हबवरच्या बारीक दात्यांवर ते सरकवून बसवतात आणि मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट तांब्याच्या हातोडीने ठोकून घट्ट करतात. डाव्या बाजूच्या नटाचे आटे सुलटे, उजव्या बाजूचे उलटे, जेणेकरून चालत्या गाडीत दोन्ही नट आवळतच जावेत. किती चतुर योजना! परंतु दात्यांना वंगण न मिळाल्यास तिचाही इलाज चालत नाही. नट काढून चाक ओढले, तो हबवर लोखंड लोखंडावर कोरडे घासल्याची तांबूस भुकटी साचलेली. दाते मूळचे माथ्यावर सपाट. येथे ते झिजून करवतीसारखे टोकदार झाले होते. गती घेताना दात्याची एक बाजू दाबली जाते, ब्रेक लावताना दुसरी, आणि या दोन बाजूंमधील मोकळा अवकाश ओलांडतानाचा तो ‘टक्’.

केवळ हब बदलून भागेल काय, असे मालकांनी विचारले. मी नकार दिला. झिजलेले चाक नवा हब अल्पावकाशात खाऊन टाकते. दोन्ही बदलली, दात्यांना ग्रीस चोपडले, थोडे अंतर चालवून नट पुन्हा ठोकला. आवाज गेला, आणि तो जाताच मालकांना मागून येणारी पेट्रोलपंपाची टिकटिक प्रथमच जाणवली. हा एस.यू. बनावटीचा विजेचा पंप किल्ली फिरवताच कार्बोरेटरच्या वाट्या भरेपर्यंत टिकटिकतो आणि भरल्या की थांबतो, हे समजावून सांगितल्यावरही, तो बंद करता येईल काय, अशी चौकशी त्यांनी केलीच.