अहवालाची वाट बघताना

सालेकशाच्या दवाखान्यात भाच्याचं रक्त दिलंय, सिकलसेलच्या तपासणीसाठी. अहवाल यायचाय. पडवीतून बांधीतला धान दिसतो, मन मात्र भलतीकडेच जातं.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन. बिघाड एवढाच, पण प्राणवायू सुटला की रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हिमोग्लोबिनची घडण मॅक्स पेरुट्झनं स्फटिकांवर क्ष-किरण सोडून उलगडली. वीसेक वर्षं खपला बिचारा. १९६२ साली नोबेल मिळालं.

आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रानं इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी बीमलाइन उभारली. १७२.५ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन वळतात, वळताना क्ष-किरण फेकतात. मिलिमीटरहून लहान स्फटिक, उणे १७३ अंशांच्या नायट्रोजनच्या झोतात, हळूहळू फिरतो. फिरताना किरणाबाहेर जायचा नाही! ही स्थिरता साधणाऱ्या हातांचं मला फार अप्रूप वाटतं. डिटेक्टरवर नुसते ठिपके उमटतात. रेणू त्यांतून गणितानं शोधायचा.

सिकलसेलवरचं व्हॉक्सेलोटर हे औषध अशाच चित्रांच्या आधारानं घडलं. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता, २०२४ मध्ये बाजारातून मागे. ताईला यातलं किती सांगावं, ठरत नाही.