पहा : कामठा

संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या वाक्यांपैकी ‘नोंद आढळली नाही’ हे वाक्य संशोधकाच्या दृष्टीने विशेष जोखमीचे मानावयास हवे. वाक्य आपल्या जागी खरे असते. ते केवळ नोंदीविषयी बोलते. वाचणारा मात्र ते ग्रंथाविषयी वाचतो, आणि नोंद नाही म्हणजे ग्रंथ नाही, ग्रंथ नाही म्हणजे विचार झालेला नाही, अशा पायऱ्या नकळत उतरत जातो. कामठ्याच्या एका अध्यापिकेला या पायऱ्या पुन्हा चढून याव्या लागल्या. पदवी मिळाल्यावर स्वतःच्याच प्रबंधाला शुद्धिपत्र जोडण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. तो प्रसंग त्यांचा एकट्यांचा नाही, म्हणून त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

कामठा हे गोंदिया तालुक्यातील गाव. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यात होते. १९५६ साली भाषावार पुनर्रचनेत हा सारा मुलूख मुंबई राज्यात आला, त्यापूर्वी तो मध्य प्रदेशात होता, आणि त्याही आधी मध्यप्रांतात. गाव जागचे हलले नाही, परंतु त्याचे कागद हलत राहिले. काही नागपूरला, काही भोपाळला, काही मुंबईला, आणि कंपनी सरकारच्या काळातले थेट लंडनला. ज्या गावाचा लेखी भूतकाळ असा चार ठिकाणी वाटला गेला आहे, त्या गावच्या अभ्यासकाला ग्रंथालयांचे संगणकीय जाळे ही चैनीची गोष्ट वाटत नाही. घरी बसून चारही ठिकाणी एकाच वेळी विचारणा करता येणे, हे त्याच्या दृष्टीने अर्धे संशोधन असते.

या अध्यापिकेचे एम.ए.चे दिवस तालिकापत्रांच्या खणांतले. गोंदियाहून सकाळची गाडी धरून नागपूरला जावयाचे, विद्यापीठाच्या ग्रंथालयात दिवसभर लाकडी खण उघडावयाचे आणि संध्याकाळी परत यावयाचे. हा क्रम कष्टाचा होता, परंतु त्या खणांत एक सोय होती, जिचे मोल त्यांना फार उशिरा कळले. वाचक ‘ग्रेस’ या नावाने शोधू लागला, की एक छोटे पत्र त्याला सांगे : पहा – गोडघाटे, माणिक. ‘अनिल’ या नावाशी थांबला, तर पहा – देशपांडे, आ. रा. चुकीच्या दारावर आलेल्या माणसाला योग्य दारापर्यंत पोचवून देणारी ही पत्रे कोणा ग्रंथपालाने हाताने लिहिलेली असत. वाचक कोणत्या नावाने येईल याचा अंदाज त्याने आधीच बांधलेला असे.

संगणकीय जाळ्याची कल्पना आकारास येत होती ती याच काळात. अमेरिकेतील ओहायो राज्यात १९६७ साली स्थापन झालेल्या ओसीएलसी या संस्थेने १९७१ पासून अनेक ग्रंथालयांची संघतालिका संगणकावर एकत्र चालविली होती. आपल्याकडे दिल्लीतील ग्रंथालयांचे डेलनेट १९८८ मध्ये सुरू झाले. निस्सात या शासकीय योजनेच्या साहाय्याने कलकत्ता, मुंबई, पुणे अशा शहरांची जाळी उभारण्याचे प्रयत्न झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाचा इन्फ्लिबनेट हा प्रकल्प १९९१ मध्ये अहमदाबादला सुरू झाला आणि १९९६ मध्ये तो स्वायत्त आंतरविद्यापीठीय केंद्र झाला. या सर्वांमागील तांत्रिक अडचण एकच होती. प्रत्येक ग्रंथालयाची संगणकप्रणाली वेगळी, नोंदी ठेवण्याची रीत वेगळी, प्रश्न विचारण्याची भाषाही वेगळी. झेड ३९.५० या नावाने ओळखला जाणारा संकेत या अडचणीवर योजलेला दुभाष्या होय. वाचकाने आपल्या ग्रंथालयाच्या पडद्यावर प्रश्न विचारावा, दुभाष्याने तो दूरच्या संगणकाला कळेल अशा रूपात न्यावा आणि उत्तर परत आणावे. दुभाष्याच्या या साखळीत जितकी ग्रंथालये येतील तितका शोधाचा विस्तार होतो.

तथापि दुभाष्या प्रश्नाचे रूप बदलतो, प्रश्नातला शब्द बदलत नाही. शब्द जसा दिला तसाच तो पुढे नेतो. मराठी अभ्यासकाची खरी अडचण येथून सुरू होते.

अध्यापिकांनी जाळ्यावर पहिला शोध घेतला तो आपल्या गावाचा. रोमन लिपीत कामठा असे लिहिताच पडद्यावर आले ते बहुतांशी नागपूरजवळचे कामठी. १८२१ साली वसविलेल्या त्या छावणीमुळे इंग्रजी कागदपत्रांत कामठीचा बोलबाला मोठा, आणि रोमन लिपीत दोन्ही नावे इतकी जवळ येतात, की यंत्राला तो फरक महत्त्वाचा वाटू नये. गावाचे स्वतःचे कागद मात्र तिसऱ्याच नावाखाली निजलेले होते. मे १८१८ मध्ये आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले. त्यांच्या बाजूने जे उठाव झाले त्यांत कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल याचा उठाव होता. त्याच वर्षी सप्टेंबरात कॅप्टन गॉर्डनच्या तुकडीने कामठा जिंकून घेतले. त्या काळच्या इंग्रजी लष्करी वृत्तांतांत हे गाव सी, ओ, एम, पी, टी, ए असे लिहिले जाते, आणि पटेल तेथे ‘पोटेल’ होतो. जाळ्याने हे अध्यापिकांना सांगितले नाही. एका जुन्या वृत्तांताचे पान चाळीत असताना तो अनोळखी शब्द त्यांनी सहज मोठ्याने वाचला आणि आपल्याच गावाचे नाव त्यांच्या कानावर पडले. जे डोळ्यांना आणि यंत्राला ओळखू आले नाही ते कानाने ओळखले. त्यानंतर त्याच अक्षरांनी शोध घेतल्यावर मात्र दूरदूरच्या ग्रंथालयांनी भराभर उत्तरे दिली. उत्तरे तेथे पूर्वीपासूनच होती.

हा प्रश्न केवळ गावांच्या नावांचा नाही. महानुभावांचा आद्य गद्यग्रंथ कोणी ‘लीळाचरित्र’ लिहितो, कोणी ‘लीलाचरित्र’. रोमन लिपीत तर त्याची रूपे आणखी वाढतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून भारतात नियमाने ग्रंथखरेदी सुरू केली. त्यामुळे नागपुरात छापलेले एखादे मराठी पुस्तक शिकागोच्या तालिकेत सापडते आणि गोंदियात सापडत नाही, असा अनुभव अनेकांनी घेतला असेल. परंतु तेथील नोंद रोमन लिपीत, अक्षरांच्या वर रेघा व खाली टिंबे देऊन केलेली असते. ती पद्धत ठाऊक नसलेल्या वाचकाला आपल्याच भाषेतील ग्रंथाचे नाव परके होऊन बसते.

देवनागरीतही सुटका नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली, आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेला. त्यापूर्वीच्या मुखपृष्ठांवर ‘नांव’ आहे, ‘कांहीं’ आहे, ‘गाणीं’ आहे. नव्या वळणाने शोधणाऱ्याला जुन्या वळणाची नोंद दिसेलच असे नाही. ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’ वाचकाच्या लेखी एक, यंत्राच्या लेखी दोन. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. ते लेखन प्रमाण लेखनाशी कोणी जुळवून ठेवले नसेल, तर ‘गाणे’ शोधणाऱ्याला ‘गाना’ सापडावयाचा नाही. खुद्द बोलीचे नावही कोठे जोडून लिहितात, कोठे तोडून. मधल्या रिकाम्या जागेनेसुद्धा शोध अडतो.

या सर्व अडचणी अध्यापिकांना तत्त्वतः ठाऊक होत्या. तरीही त्या फसल्या.

पीएच.डी.साठी त्यांनी विषय निवडला तो दंडारीच्या गाण्यांचा. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरतात, आणि मंडईच्या रात्री दंडार उभी राहते. त्यांच्या घरी वडिलांच्या हातची, या गाण्यांची एक जीर्ण वही होती. ती वही आणि वृद्ध कलावंतांकडून मिळालेली गाणी हा प्रबंधाचा आधार. पूर्वसूरींच्या लेखनाचा आढावा घेताना त्यांनी जाळ्यावरील तालिका पाहिल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंधांच्या प्रती जेथे जमा होऊ लागल्या होत्या, ते शोधगंगा हे भांडारही त्यांनी पाहिले. दंडारीवरील लेखन त्यांना मिळाले, परंतु आपल्या परिसरातील गाण्यांचे छापील संकलन कोठेही दिसले नाही. तेव्हा प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात त्यांनी एक वाक्य लिहिले : या परिसरातील दंडारगीतांचे मुद्रित संकलन यापूर्वी झालेले नाही. मार्गदर्शकांनी ते वाचले, परीक्षकांनी वाचले, आणि कोणालाही त्यात वावगे दिसले नाही.

पदवीनंतर दोन वर्षांनी एका लग्नाच्या निमित्ताने त्या शेजारच्या गावी गेल्या होत्या. तेथे ‘ड’ वर्गाचे एक सार्वजनिक वाचनालय आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा झाला. त्याखाली शासनमान्यता आणि वर्ग मिळालेली अशी लहान वाचनालये राज्यात गावोगाव आहेत. कादंबऱ्यांच्या कपाटात, खालच्या फळीवर, पन्नास-साठ पानांची एक पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर ‘गाणीं’ हा शब्द जुन्या वळणाचा होता. ‘दंडार’ हा शब्द मुखपृष्ठावर नव्हताच, तो होता प्रस्तावनेच्या दुसऱ्या पानावर. दाखल नोंदवहीत तिची नोंद ‘गाणी-पुस्तक’ एवढीच होती. अध्यापिकांनी उभ्याउभ्याच पाने उलटली. वडिलांच्या वहीतील बरीचशी गाणी त्यात छापलेली होती, काही तर अधिक पूर्ण रूपात.

त्या रात्री त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा अधिक दुःख झाले ते वडिलांसंबंधी. वही ही वडिलांची एकट्याची पुंजी आहे असे त्या समजत आल्या होत्या. वडिलांनी कदाचित या पुस्तिकेवरूनच काही गाणी उतरवून घेतली असतील, किंवा पुस्तिकाकाराने व वडिलांनी एकाच शाहिराच्या तोंडून ऐकली असतील. हा प्रश्न त्यांच्या प्रबंधाचा गाभा ठरू शकला असता. नसलेल्या नोंदीने तो प्रश्नच त्यांच्यापासून हिरावून घेतला होता.

सहकाऱ्यांनी समजूत घातली, की हे कोण पाहणार आहे. त्यांनी मात्र एका पानाचे शुद्धिपत्र तयार केले, पुस्तिकेचे वर्णन दिले, आपले विधान मागे घेतले, आणि ते संबंधित कार्यालयाकडे पाठविले. उत्तर आले नाही. प्रबंधाची जालावरील प्रत होती तशीच राहिली. पुढे एका विद्यार्थ्याच्या शोधनिबंधात त्यांचेच वाक्य त्यांच्या नावानिशी उद्धृत झालेले त्यांनी पाहिले. आता ते विधान दोन ठिकाणी होते. जाळ्याचा विस्तार असाही होतो.

याला आणखी एक जोड आहे. त्यांचा प्रबंध युनिकोडपूर्व धाटणीच्या अक्षरसंचात टंकलिखित झाला होता. त्या काळी बाजारात जे अक्षरसंच होते, त्यांत पडद्यावर मराठी दिसे, परंतु संगणकाच्या आत रोमन चिन्हेच साठविलेली असत. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान होते, तरी आपल्या टंकलेखन-केंद्रांची सवय पुढे बराच काळ बदलली नाही. त्यामुळे अध्यापिकांनी आपल्याच प्रबंधाच्या प्रतीत ‘दंडार’ हा शब्द शोधून पाहिला, तेव्हा जो शब्द तेथे पानोपानी आहे त्याच्याविषयी यंत्राने तेच परिचित उत्तर दिले.

यावरून जाळ्यालाच दोष देणे न्यायाचे होणार नाही. त्याने लंडन आणि भोपाळ कामठ्याच्या अंगणात आणून ठेवले, हे खरेच आहे. विस्तार होत गेला तो पोहोचण्याचा. पोहोचल्यावर भेटावयाची नोंद करणारा हात मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा १८०० ते १९३७ या काळाचा खंड १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० चा खंड १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकाशिवाय, चिकाटीच्या बळावर उभे राहिलेले ते काम आजही मराठीच्या कोणत्याही शोधाची पहिली पायरी आहे. आपल्या पिढीने साधने कितीतरी मोठी मिळविली, पण नोंद करणे हे ग्रंथपालाचे काम आणि शोध घेणे हे आपले, अशी वाटणी मनोमन करून टाकली. मराठी विभागांतून दरवर्षी प्रबंध होतात. प्रत्येक प्रबंधकर्त्याने आपल्या गावच्या एका वाचनालयाची सूची परिशिष्टात दिली, आणि ‘मुद्रित साहित्य उपलब्ध नाही’ असे लिहिण्याऐवजी कोणत्या तालिकेत, कोणत्या रूपाने शोधले ते नमूद केले, तर पुढच्या अभ्यासकाची वाट बरीच मोकळी होईल.

अध्यापिकांनी एवढे तरी सुरू केले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन विद्यार्थिनींना घेऊन त्या त्या वाचनालयात बसतात. पुस्तके खाली काढावयाची, पुसावयाची, प्रस्तावनेसह चाळावयाची आणि युनिकोडमध्ये नोंद करावयाची. जुने वळण तसेच ठेवून शेजारी नवे द्यावयाचे. पुस्तिकेच्या नोंदीत आता ‘दंडार’ आहे, ‘झाडीबोली’ जोडून आहे आणि तोडूनही. सूचीच्या शेवटी मुलींनी स्थलनामांचे एक वेगळे पान केले आहे. त्यावर पहिलीच नोंद आहे : कॉम्प्टा – पहा : कामठा.