चुन्याशिवाय मका

नव्या उपाहारगृहात पदरी पडणारी निराशा ही तशी क्षुल्लक बाब. पैसे वाया गेले, संध्याकाळ फुकट गेली, एवढ्या दोन वाक्यांत तिची नोंद पुरी होते आणि दुसऱ्या दिवशीच्या वरणभाताबरोबर ती विसरलीही जाते. परंतु काही निराशा सहजासहजी पचत नाहीत. समोर आले ते बेचव होते, एवढेच त्यांचे कारण नसते. जे येऊ शकले असते त्याची अंधुक जाणीव खाणाऱ्याला असते आणि ती त्याला स्वस्थ बसू देत नाही. वडोदऱ्यातील एका वृद्ध दांपत्याच्या वाट्याला आलेली निराशा या दुसऱ्या जातीची होती.

प्राध्यापकांचे सारे आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेले. घराणे गायकवाडी अमलापासून वडोदऱ्यात स्थिरावलेले. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर गुजराती. बाईंचे माहेर नागपूरचे. शहराच्या पश्चिमेकडील नव्या वसाहतीत मेक्सिकन उपाहारगृह उघडल्याची वार्ता नातवाने आणली, तेव्हा तिथे जाण्याचा आग्रह नातवापेक्षा प्राध्यापकांनीच अधिक धरला. त्याला कारण होते. मका, मिरची, टोमॅटो, पपई, चिकू ही नावे त्यांनी वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली होती आणि प्रत्येकीपुढे 'मूलस्थान: मेक्सिको व मध्य अमेरिका' असे लिहिताना, ज्या भूमीने आपल्या स्वयंपाकघराला एवढे दिले तिच्या स्वतःच्या ताटात काय असते, हा प्रश्न त्यांच्या मनात नेहमी उभा राही. ऑक्टाव्हियो पाझ १९६२ ते १९६८ या काळात भारतात मेक्सिकोचे राजदूत होते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतविषयक पुस्तकात त्यांनी आपल्याकडील रस्सा आणि मेक्सिकोतील 'मोले' यांच्यातील साम्याचा विचार केला आहे. ते पुस्तक प्राध्यापकांच्या वाचनात होते. तेव्हा ते उपाहारगृहात गेले ते पोट भरण्यासाठी नव्हे. दूरच्या नातलगाच्या घरी प्रथमच जावे, तशा उत्सुकतेने गेले.

घर सजवलेले होते. भिंतीवर रुंद काठांच्या टोप्या, कोपऱ्यात मातीचे निवडुंग, आणि दोन माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येऊ नये इतक्या चढ्या आवाजातले संगीत. भोजनपत्रिका सोळा पानांची होती आणि निम्म्याहून अधिक पदार्थांपुढे जैन पद्धतीने मिळेल, अशी खूण होती. चाळीस मिनिटांनी पदार्थ आले. तळलेल्या त्रिकोणी चकत्यांवर पिवळे, पातळ, डब्यातले चीज ओतलेले. मैद्याच्या पातळ पोळीत गुंडाळलेला राजमा, त्याला जिऱ्याचा आणि गरम मसाल्याचा वास. टोमॅटोच्या गोड चटणीत परतलेला भात. तिखट म्हणून एक बाटली टेबलावर ठेवलेली, तिच्यात व्हिनेगरचा आंबटपणा तेवढा होता. ज्या देशात मिरची सुकवून तिला एक नाव देतात, धुरावून दुसरे देतात आणि प्रत्येक नावाबरोबर चव बदलते, त्या देशाच्या नावाने ही एकच बाटली सर्व पदार्थांवर शिंपडली जात होती. नातवाने चकत्या आवडीने संपवल्या. बाईंनी राजमा बाजूला सारून पोळीचा एक तुकडा मोडला आणि त्या म्हणाल्या, "अहो, ही तर आपली कालची पोळी."

प्राध्यापकांनी वाढणाऱ्या मुलाला जवळ बोलावून पीठ कशाचे, म्हणून विचारले. मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. तो म्हणाला, "मैद्याचे, साहेब." मक्याचे काहीच नाही का, या प्रश्नावर तो क्षणभर घुटमळला. मग आवाज खाली आणून, जणू एखादी घरगुती अडचण सांगावी तसे, गुजरातीत म्हणाला, "मक्याचे आमच्या घरी असते, साहेब. मकाईनो रोटलो. इथे नाही ठेवत." गाव कोणते, तर दाहोदकडचे. पंचमहाल आणि दाहोदच्या डोंगराळ पट्ट्यात मका हे आदिवासींचे रोजचे अन्न आहे, हे प्राध्यापकांना ठाऊक होते. मेक्सिकोच्या टोप्यांनी सजवलेल्या त्या दालनात मेक्सिकोशी अन्नाचे खरे नाते सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्याला ते नाते सांगताना संकोच वाटत होता. त्या संध्याकाळी प्राध्यापकांना लागलेला खडा हा होता, चीज नव्हते.

एका वाचनावरून ग्रंथाचा निकाल देऊ नये, या न्यायाने महिन्याभराने दोघे पुन्हा गेले. या खेपेस दुपारची वेळ निवडली, गर्दी नव्हती. भोजनपत्रिकेत मक्याचा प्रवेश झालेला होता. मात्र तो कसा? उकडलेल्या गोड अमेरिकन मक्याचे दाणे प्रत्येक पदार्थावर पेरलेले. मुळात जो पाया होता तो इथे शोभेसाठी वर चढला होता. तो मुलगा दिसला नाही. कापणीसाठी गावी गेला, एवढेच कळले. व्यवस्थापक सभ्य होते. त्यांनी तक्रार ऐकून घेतली आणि सांगितले की लोकांना हेच आवडते, मक्याची पोळी ठेवली तर परत येते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जागेचे भाडे देणाऱ्याला मूलस्थानाचा विचार करायला सवड नसते.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दांपत्याची तक्रार शुद्धतेच्या आग्रहातून आलेली नव्हती. अन्न प्रवास करते आणि प्रवासात बदलते, याला मेक्सिकोही अपवाद नाही. उभ्या सळईवर भाजलेल्या मांसाचे 'ताको अल पास्तोर' ही तिथली आज सर्वत्र मिळणारी वस्तू. ती लेबनॉनहून आलेल्या स्थलांतरितांच्या शावर्म्यातून विसाव्या शतकात निपजली. नाचो हा पदार्थ १९४० च्या दशकात अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रास गावात जन्मला. आपणही पोर्तुगीजांकडून पाव घेतला आणि मुंबईत त्याच्याबरोबर भाजी वाढली. साहित्यात ज्याला भाषांतर म्हणतात तेच हे, आणि उत्तम भाषांतर मूळ कृतीपासून दूर जाऊनही तिच्याशी इमान राखू शकते. त्यासाठी भाषांतरकाराने मूळ कृती वाचलेली असावी लागते. त्या उपाहारगृहाने मेक्सिकोचे भाषांतर केलेच नव्हते. अमेरिकेतील टेक्सासने केलेल्या भाषांतराचे भाषांतर, आणि तेही कुणा तिसऱ्याकडून ऐकून, त्याने समोर ठेवले होते.

मूळ कृती वाचली नाही म्हणजे काय होते, याचा मक्याइतका कठोर दाखला दुसरा नसेल. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात 'तेओसिंते' नावाच्या रानगवतापासून माणसाने मका घडवला. तेथील स्त्रियांनी तो नुसता दळून खाल्ला नाही. वाळलेले दाणे चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी धुऊन साल काढायची आणि ओलेच पाट्यावर वाटायचे, अशी रीत त्यांनी शोधून काढली. या क्रियेचे नाव नाहुआत्ल भाषेत राख आणि पीठ या अर्थांच्या दोन शब्दांच्या जोडीतून आले आहे. चुन्याने दाण्याची साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो, त्यामुळे पोळी न तुटता थापता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मक्यात बद्ध असलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते.

स्पेनने बी नेले; चुन्याची रीत मागेच राहिली. मका युरोपभर पसरला, गरिबाचे अन्न झाला आणि त्याच्या मागोमाग एक रोग आला. १७३५ च्या सुमारास स्पेनमधील अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने त्याची लक्षणे नोंदवली. १७७१ मध्ये इटलीत फ्रापोल्ली याने त्याला 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव दिले. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने हजारोंचे बळी घेतले. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून संशोधन करून तो आहारातील उणिवेचा रोग असल्याचे दाखवले, आणि ती उणीव नायसिनची हे १९३७ मध्ये स्पष्ट झाले. ज्या मेक्सिकोतून मका आला तिथे पिढ्यान्पिढ्या मकाच खाणारे खेडूत या रोगापासून बहुतांशी मुक्त होते. दाणा घेणाऱ्यांनी दाण्याबरोबरचे ज्ञान घेतले नाही, कारण ते चुलीपाशी बसलेल्या बायकांकडे होते आणि त्यांना ज्ञानी मानण्याची जेत्यांची तयारी नव्हती. दाहोदच्या मुलाचा खाली गेलेला आवाज या इतिहासाच्या फार दूरचा नाही.

हे सारे प्राध्यापकांनी घरी परतल्यावर सांगितले, तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "म्हणजे लोक चुना लावून फसवतात, आणि इथे चुना न लावता फसवले."

बाईंना त्यावरून एक नाव आठवले. नागपूरच्या माहेरी ते त्यांच्या कानावर पडलेले होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळीच्या आरंभीच्या क्रांतिकारकांपैकी एक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मुक्त कृषिशाळा काढण्यात त्यांचा पुढाकार होता. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्याशी त्यांचा स्नेह होता, आणि रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर रंगवलेल्या चित्रांत, श्रमिकांच्या भोजनाच्या पंक्तीत, खानखोजे यांचा चेहरा आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. एका मराठी माणसाने मेक्सिकोच्या मक्याला जवळून ओळखले. मेक्सिकोने त्याला आपल्या अन्नाच्या पंक्तीत बसवले. परक्या घरी जेवायला जाण्याची ती एक रीत होती. वडोदऱ्यातील उपाहारगृहाच्या टोप्या ही दुसरी.

नाते शोधायला वस्तुतः एवढे लांब जाण्याचेही कारण नव्हते. उपवासाला मराठी घरांत होणारी राजगिऱ्याची चिक्की मेक्सिकोत 'अलेग्रिया' म्हणजे आनंद या नावाने विकली जाते. फुलवलेला राजगिरा मधाच्या किंवा गुळासारख्या पाकात थापून तिथेही वड्या पाडतात. स्पॅनिश येण्यापूर्वी त्या देशात राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून पूजत असत. सोळा पानांच्या भोजनपत्रिकेत ती चिक्की असती, तर तिला भाषांतराची गरजच नव्हती. तिच्यासाठी लागणारे सारे शेजारच्या वाण्याकडे होते.

मेक्सिकोतही सारे काही जपले गेले आहे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९९४ च्या व्यापारी करारानंतर अमेरिकेतील स्वस्त मका त्या देशात लोटला. शहरांतील पोळ्या पुष्कळदा तयार कोरड्या पिठाच्या असतात. २००७ मध्ये पोळीचे भाव वाढले तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. मक्याविना देश नाही, ही घोषणा त्या वर्षी दुमदुमली. २०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या परंपरागत पाककलेला मानवजातीच्या वारशात स्थान दिले, त्यात शेत, चूल आणि सामूहिक रीती यांचा एकत्र विचार होता. वारसा म्हणून नोंद करण्याची वेळ यावी, हेच तो निसटत असल्याचे लक्षण असते.

पुढच्या आठवड्यात बाईंनी बाजारातून पिवळा कडक मका आणला. किलोभर दाण्यांना खाण्याचा चुना दोन चमचे, असा अंदाज प्राध्यापकांनी दिला. दाणे शिजले, रात्रभर भिजले, सकाळी चोळून धुतले तेव्हा साल पाण्यावर तरंगली आणि स्वयंपाकघरात ओल्या मातीसारखा, बाईंनी पूर्वी कधी न हुंगलेला वास पसरला. पाटा-वरवंटा बऱ्याच वर्षांनी खाली उतरला. पहिल्या दोन भाकऱ्या जाड झाल्या आणि मधे कच्च्या राहिल्या. तिसरी हातावर थापताना फुटली नाही; मक्याच्या पिठाची भाकरी काठाला चिरते, हा बाईंचा अनुभव तिने खोटा ठरवला. तव्यावर ती किंचित फुगली. दोघांनी ती हिरव्या मिरचीच्या ठेच्याशी खाल्ली. नातवाने एक घास घेतला आणि चकत्या याहून बऱ्या, असा निर्भीड अभिप्राय दिला. प्राध्यापकांनी त्याच्याशी वाद घातला नाही. उरलेल्या भाकऱ्या बाईंनी फडक्यात गुंडाळून ठेवल्या, आणि तो दाहोदचा मुलगा कापणीहून केव्हा परतेल, याची चौकशी करायला त्यांनी प्राध्यापकांना सांगितले.