तापाचं मूळ पडीक खाचरात

मुळशीत पावसाळा ओसरू लागला की माझ्या दवाखान्यात तापाचे पेशंट वाढतात. डेंगी, मलेरिया, टायफॉईड, भातखाचरातून येणारा लेप्टो ही नेहमीची नावं. त्यांत स्क्रब टायफस हे नाव मी अलीकडे कायम धरतो. ते मला एका आजींमुळे कळलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

आजी पौडच्या पुढच्या एका गावातल्या, वय पासष्टच्या वर. पाच दिवस ताप, डोकं ठणकत होतं, अंग मोडून आलं होतं. डेंगी-मलेरियाच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या. टायफॉईड धरून मी इंजेक्शनं सुरू केली. तीन दिवसांनी ताप तसाच, प्लेटलेट उतरलेल्या आणि आता धापही लागत होती. मुलाला म्हटलं, पुण्याला हलवावं लागेल. तेवढ्यात कपडे बदलताना आमच्या सिस्टर म्हणाल्या, "सर, कमरेला विडीचा चटका बसल्यासारखं काहीतरी आहे."

साडीच्या गाठीखाली वाटाण्याएवढी काळी खपली, भोवती लालसर कडा. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून आजी बोलल्या नव्हत्या. मी दोनदा तपासूनही ती पाहिली नव्हती. संकोच म्हणा, घाई म्हणा.

मग पहिल्या दिवशीचा प्रश्न मी आठव्या दिवशी विचारला. "आजी, शेतात जाता का?"

"आता कुठलं शेत, डॉक्टर! इकलं की. पुन्याच्या पार्टीनं घेतलं, तारा मारून ठिवल्यात. तिथंच जाते म्हशीच्या गवताला. वॉचमन सोडतो."

स्क्रब म्हणजे खुरटी झाडी. या आजाराचा जंतू तिथल्या बारीक गोचिडीसारख्या किड्यांत, म्हणजे माइट्समध्ये, पिढ्यान्पिढ्या राहतो. त्यांची पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतात. ती उंदीर-घुशींवर जगतात आणि माणूस गवतात बसला तर त्यालाही चावतात. चावल्याचं कळत नाही. साधारण दहा-बारा दिवसांनी ताप चढतो. चावल्या जागी बहुधा काळी खपली धरते, पण प्रत्येकाला नाही. ती काखेत, जांघेत, कमरेला, स्तनांखाली, म्हणजे आपण डॉक्टरला दाखवत नाही अशाच जागी असते. आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. टायफॉईडच्या नेहमीच्या इंजेक्शनांचा उपयोग होत नाही, डॉक्सीसायक्लीन नावाच्या जुन्या, स्वस्त गोळीचा होतो. उशीर झाला तर फुफ्फुसं, किडनी, मेंदू यांवर बेततं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात सैनिक यानं आजारी पडले होते, आणि 2018 मध्ये विदर्भात याची साथ आली होती.

आजींचं शेत जंगल नव्हतं. ती आंबेमोहोराची खाचरं होती. दर वर्षी राब भाजला जायचा, चिखलणी व्हायची, बांध तासले जायचे, कापणीनंतर गुरं चरायची. इतका हात फिरत असताना तिथं झाडी माजायला जागाच नव्हती. जमीन विकली, कुंपण पडलं, आणि बंगला होईपर्यंत पाच-दहा वर्षं ती तशीच राहते. घाणेरी आणि रानमोडी पुरुषभर वाढते, उंदीर येतात, त्यांच्यामागे माइट्स. तालुक्यातली पोरं पिरंगुटच्या कारखान्यांत आणि हिंजवडीला कामाला जातात, त्यामुळे न विकलेली खाचरंही पडीक पडतात. त्यांना दोष कसा द्यायचा? भातानं घर चालत नाही.

या खोऱ्यातली जमीन हातातून जाण्याची ही पहिली वेळ नाही. मुळशी धरणात शेतं बुडणार म्हणून 1921 मध्ये इथं सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात पुढे होते. तरीही खोऱ्यातली चांगली भातजमीन पाण्याखाली गेली, आणि माणसं वर डोंगरउतारांवर सरकली. आजींच्या सासऱ्यांचं घर त्यांतलंच.

त्याच संध्याकाळी डॉक्सीसायक्लीन सुरू करून आजींना पुण्याला पाठवलं. दोन दिवसांत ताप उतरला. रक्ताचा रिपोर्ट नंतर आला, स्क्रब टायफसच निघाला. त्या सुखरूप घरी आल्या.

तुम्ही झाडीत, गवतात काम करत असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यांत खोचा, गवतावर टेकू नका, कपडे झुडपांवर वाळत घालू नका. घरी आल्यावर साबणानं अंघोळ करा आणि कपडे गरम पाण्यात भिजवा. ताप तीन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरकडे जा, आणि त्यांनी विचारलं नाही तरी कुठं काम करता ते सांगा. गोळी मात्र स्वतःच्या मनानं घेऊ नका.

एक कबुली. ताम्हिणीच्या रस्त्याला माझाही दहा गुंठ्यांचा प्लॉट आहे, तारेच्या कुंपणाचा. चार वर्षं मी तिथं फिरकलो नव्हतो. मागच्या महिन्यात झाडी काढून घेतली. काढणाऱ्या दोघांना गमबूट आणून दिले, आणि दोन आठवडे ताप आला तर लगेच या असं बजावून ठेवलं.

आजींना मी हेच सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते समदं खरं डॉक्टर, पन म्हशीला काय घालू?"

सध्या त्या नातवाची पँट घालून गवताला जातात.