दुरुस्ती कुठे करायची?

एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा बग जाहीर झाला, तेव्हा माझ्याकडे डेबियनचे सर्व्हर होते. सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर, अगदी खासगी कीसुद्धा, बाहेरच्याच्या हाती लागू शकत होता. पण वेब सर्व्हर, मेल सर्व्हर, पोस्टग्रेस, सगळे डिस्कवरची ओपनएसएसएलची एकच लायब्ररी, लिबएसएसएल, वापरत होते. अ‍ॅप्टने ती बदलली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं किचकट, कारण चालू प्रोग्राम जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसतो. एलएसओएफ चालवलं की तिच्यासमोर ‘डीईएल’ दिसायचं: डिस्कवरून गेली, पण वापर चालूच. मग एकेक सर्व्हिस रिस्टार्ट करायची, खासगी की आणि सर्टिफिकेटं नवी घ्यायची. दमछाक झाली, पण हात कुठे घालायचा हे ठाऊक होतं.

डिसेंबर 2021 मध्ये जावाच्या लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीत बग निघाला तेव्हा नेमकं तेच ठाऊक नव्हतं. जावाचं अ‍ॅप्लिकेशन आपल्या लायब्रऱ्या बरोबर घेऊन फिरतं. मेव्हन त्या आणून देतं आणि बिल्डमध्ये त्या एका मोठ्या जारमध्ये भरल्या जातात. जार उघडावी तर आत जार, तिच्यात आणखी एक. फाइलच्या नावात लॉगफोरजे असेलच असं नाही, म्हणून शोधायचा तो बगचं मूळ असलेला जेएनडीआयलुकअप नावाचा क्लास. तात्पुरता इलाज म्हणून तेवढा क्लास झिपच्या कमांडने जारमधून काढून टाकायचा. त्यात 2.15 मधली दुरुस्ती अपुरी ठरली, 2.16 आली, मग 2.17. दर वेळी बिल्ड आणि डिप्लॉय पहिल्यापासून.

म्हणून मेव्हनसारखे भाषेचे पॅकेज मॅनेजर नकोत असं मी म्हणणार नाही. सामायिक लायब्ररीचा जाच विंडोजवर डीएलएलच्या काळात पुष्कळांनी सोसलाय: एका इन्स्टॉलरने फाइल बदलली की दुसराच प्रोग्राम बंद. याउलट एनपीएममध्ये, कार्गोमध्ये एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी नांदतात. लॉकफाइलमध्ये नेमकी आवृत्ती लिहिलेली असते, आणि ती अशी लिहिलेली असणं मला फार मोलाचं वाटतं.

तरी ओपनएसएसएलसारखी थेट नेटवर्कला भिडणारी लायब्ररी मी शक्यतो ऑपरेटिंग सिस्टिमचीच घेतो. डेबियनची सिक्युरिटी टीम बहुतेक वेळा आवृत्ती तीच ठेवून फक्त बगपुरता पॅच लावते, त्यामुळे बाकी काही सहसा मोडत नाही. बाकीच्या लायब्रऱ्या खुशाल भाषेच्या पॅकेज मॅनेजरकडून घ्याव्यात. मात्र दुसऱ्याची लायब्ररी नाव बदलून आपल्या जारमध्ये मिसळणं, ज्याला शेडिंग म्हणतात, ते मी टीममध्ये चालू देत नाही. आपली जार वापरणाऱ्याला मेव्हनच्या डिपेन्डन्सी ट्रीमध्ये ती लायब्ररी दिसतच नाही, आणि पुढचा बग जाहीर होईल त्या रात्री ती शोधत बसणारा तोच असतो.